कुसुमच्या नळीतलं हिरवं पाणी

आमची ओळख एका चुकीमुळे झाली, आणि ती चूक माझी होती हे मी आजही सहजासहजी कबूल करत नाही.

साल चौऱ्याहत्तर. मी सेलूची चांगुणा, परभणीच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रयोगशाळेत त्या दिवशी ओळखायला मिळालेलं सॉल्ट मी पाण्यात विरघळवलं, सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले... आणि नळीत दह्यासारखा पांढराशुभ्र साका उतरला! मी खुशीत वहीत लिहिलं – क्लोराइड.

"पाणी कुठलं घेतलं?" मागून आवाज आला.

"नळाचं."

"मग नुसत्या पाण्यात टाकून बघा की. इथलं पाणी लय खारं हाय. क्लोराइड पाण्यात हाय, तुमच्या सॉल्टात न्हाई."

एवढं म्हणून तो हसला. तो नागनाथ. आमच्याच वर्गातला, पूर्णेहून रोज रेल्वेनं यायचा. प्रयोगशाळेचे मदतनीस आजारी होते, म्हणून सरांनी रसायनांच्या कपाटाची किल्ली आणि द्रावणं करायचं काम त्याच्याकडे दिलं होतं. उद्या ती जागा रिकामी झाली तर तुझंच नाव सुचवीन, असंही म्हणाले होते. मी फणकाऱ्यानं नळी ओतून दिली – आणि दिवसभर त्याचं हसू आठवत बसले.

पण ते हसू माझ्या एकटीच्या वाट्याचं नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलाशी कुसुम होती.

नायट्रेट ओळखायला फेरस सल्फेट लागतं. भारी नाजूक प्रकरण. ताजं असलं तर फिकट हिरवं. दोन दिवसांत पिवळं पडतं, मग तळाशी गंज बसतो आणि कामातून जातं. आम्हा सगळ्यांना सोमवारी भरलेली बाटली. कुसुमला मात्र रोज ताजं, वेगळ्या नळीत! "नागनाथ, माझं झालं का हो?" असं तिनं म्हटलं की हा लगबगीनं निघालाच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हो, जळत होते मी! तिच्या वेणीतल्या अबोलीचासुद्धा मला राग यायचा.

गुरुवारी सरांनी चाचणी घेतली. कुसुम बर्नरपाशी गेली, आणि मी तिची हिरवी नळी उचलून तिथं माझी पिवळट नळी ठेवली. एवढंच.

माझं सुरेख झालं. आम्ल हळूच सोडताच नायट्रेटची खूण असलेलं तपकिरी कडं उमटलं. कुसुमनं रंगाकडे न बघताच ओतलं, तिचं काहीच उमटलं नाही. 'नायट्रेट नाही' असं तिनं लिहिलं आणि सर भडकले. ती रडायला लागली.

"सर, चूक माझी हाय," नागनाथ पुढे झाला. "त्यांना शिळं मीच दिलं."

सरांनी तिथल्या तिथे किल्ली काढून घेतली. त्याचा चेहरा एवढासा झाला. मी गर्रकन वळले, हातातली नळी हलली, आणि माझं ते देखणं कडं मोडलं.

"सर..." माझाच आवाज मला ओळखू येईना. "नळ्या मी बदलल्या."

मला शून्य मिळालं, किल्ली त्याला परत मिळाली. कुसुम डोळे पुसत म्हणाली, "मागितली असतीस तर दिली असती की गं, बाई!" त्या क्षणी धरणी दुभंगावी असं मला वाटलं.

बाहेर लिंबाखाली नागनाथनं मला गाठलं.

"खोटं का बोललात?" मीच आधी चिडले.

"नळी बदलताना बघितलं मी तुमाला."

"तुमचं लक्ष तर कुसुमच्या टेबलाकडं असतं!"

"तिच्या शेजारी कोण असतंय?" तो म्हणाला, आणि चपलेनं उगाच माती उकरत राहिला.

तरी जीभ गप्प बसेना. "मग रोज तिलाच ताजं का?"

"तिनं मागितलं. तुमी कवा मागितलं? पहिल्या दिसापासून नुसतं रागानं बघायलाव."

"...मग आता मागते."

"त्यात काय! बाटलीत लोखंडाचा खिळा टाकून ठेवतो. आठ दिवस खराब व्हायचं न्हाई."

"खिळा नको." मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. "मला रोज करून द्या."

तो हसला. पहिल्या दिवशीसारखंच.

"रोज?"

"रोज."

"आन् कुसुमला?"

"तिला खिळ्याचं द्या."