बारा कुप्या आणि एक ‘तू’

जेवून प्रयोगशाळेत परत आले, तर माझ्या स्टुलावर एक परका माणूस गुणगुणत बसला होता. पलीकडच्या औषध विभागात नुकताच रुजू झालोय, तुमच्या गाईड मॅडमनी तुमच्या मदतीला पाठवलंय, तुमच्या बारा नमुन्यांची पूड विरघळवून पहिला नमुना मशीनला लावलासुद्धा, असं त्याने उठता उठता सांगितलं. वर मेल्याच्या गालाला खळी पडत होती.

मशीनच्या पडद्यावरचा आलेख बघितला आणि माझं डोकंच फिरलं. मुळांमधल्या साखरांचे सुळके सुईसारखे वेगवेगळे उभे राहायला हवे होते. तिथे नुसता पसरट चिखल झाला होता.

“कशात विरघळवलेत?”

“पाण्यात. साखर पाण्यातच विरघळते ना?”

“अरे, अक्कल आहे का तुला?”

नमुन्यातले घटक वेगळे करणारी मशीनमधली नळी म्हणजे कॉलम; त्याच्या औषधांच्या कॉलममधून साखर न थांबता वाहून जाते, म्हणून तर माझा कॉलम वेगळा. याच्या आत पाण्याचा पातळसा थर असतो. साखरा त्याला धरून राहतात आणि एकेक करून सुटतात. वरून नुसतं पाणी ओतलं की धरणं-सुटणं सगळंच विसकटतं. त्यासाठी अॅसिटोनायट्राइल हे द्रावक भरपूर आणि पाणी थोडंसंच घ्यायचं... हे मी त्याला ओरडून सांगितलं. दोन वर्षं वाढवलेल्या रोपांची मुळं संपली होती. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता, आणि त्याचं शेवटचं प्रकरण या बारा कुप्यांत होतं.

त्याने सबबी सांगितल्या नाहीत. पाणी उडवून टाकता येईल का, एवढंच विचारलं.

येणार होतं, पण सावकाश, न तापवता. दोन दिवस तो कुप्यांवर नायट्रोजनची बारीक झुळूक सोडून बसला. दोन्ही दिवस मी त्याला बिनडोक म्हणाले, गाढव म्हणाले, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझ्या नाकावरच राग असतो असं आई म्हणते, ते काही खोटं नाही. पण तो चहाला गेला की माझी नजर दाराकडे जायची, आणि त्याचाही मला राग यायचा.

“या कॉलमला जुळवून घ्यायला किती वेळ लागतो?” गुरुवारी सकाळी त्याने विचारलं.

“तुझ्या कॉलमच्या चौपट.”

“मालकिणीवर गेलाय म्हणजे.”

मी हसू दाबून टाकलं.

सुकलेली पूड योग्य मिश्रणात विरघळवून पुन्हा लावली, आणि दुपारी पडद्यावर पहिला सुळका उभा राहिला. मग दुसरा... तिसरा. माझे डोळे भरून आले.

“इथे पाणी चालत नाही ना?” टिश्यू पुढे करत तो हळूच म्हणाला.

रात्रीपर्यंत अकरा नमुने नीट निघाले. मी सावरून म्हणाले, “आभारी आहे. तुम्ही खूप मदत केलीत.”

त्याची खळी विझली. “दोन दिवस ‘तू’ म्हणत होतात. आता एकदम परकं का केलंत?”

“ते रागात होतं.”

“मग राग राहू द्या. उद्या काम संपेल, आणि मला इथे यायला कारण उरणार नाही. मला मात्र... रोज यावंसं वाटतंय. तुमच्यासाठी.”

इतका वेळ लावतात का हे सांगायला? माझा पारा पुन्हा चढला. बारावी कुपी मी त्याच्या हातात आपटली.

“गाढवा, ही लाव. आणि शनिवारी मोकळा राहा.”

“बरं. तुम्ही म्हणाल तसं.”

“तुम्ही नाही,” मी म्हणाले. “तू.”