बोट कोणाचं चुकलं?

"चोर! वाचनालयात चोर शिरलाय!" शेपूट जिन्यातूनच ओरडत आला. "आजींच्या आणखी गोष्टी गायब!"

शेपूट म्हणजे खारूताईचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. आणि ताई दिसेल ते गोळा करून ठेवणारी, म्हणून खारूताई. तिसरा त्यांचा शेजारी, वकील. तो आईशी भांडतानाही पुरावे मागायचा! सुट्टी लागल्यापासून हे त्रिकूट वाचनालयातच पडीक असे.

"चोर गोष्टी कशाला नेईल?" वकील म्हणाला. "पंखा नाही का नेणार?"

"वाद नंतर घाल, आधी चल!" खारूताई पायऱ्या गाळत सुटली.

वाचनालयाच्या ऐकण्याच्या कोपऱ्यात आजोबा हेडफोन लावून बसले होते. त्यांना दिसत नसे. आजींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हयात असताना वाचनालयासाठी पुष्कळ गोष्टी आपल्या आवाजात रेकॉर्ड केल्या होत्या. आजोबा रोज सकाळी येत, बटणं चाचपत, त्यातली एक गोष्ट ऐकत आणि घरी जात.

"काय झालं, आजोबा?" खारूताईने विचारलं.

"काही नाही गं. हिची ती होडीची गोष्ट लागतच नाही. कालही एक लागली नाही. वय झालं, माझंच बोट चुकत असेल." ते कसनुसं हसले. "ग्रंथपालकाकूंना सांगू नकोस हं. म्हणतील, म्हाताऱ्याला आता जमत नाही."

खारूताईने या गोष्टी ज्यावर होत्या त्या कॉम्प्युटरकडे चोरून पाहिलं. कारण त्या कॉम्प्युटरला सुट्टीत हात लावला होता तो तिनेच.

ग्रंथपालकाकू रोज निरनिराळ्या साइटवर जाऊन मुलांसाठी नव्या गोष्टी एकेक करून उतरवून घेत आणि वैतागत. खरं तर नवं काही आलं की साइट आपल्या फीडमध्ये, म्हणजे नव्या गोष्टींच्या यादीत, तशी वर्दी देतेच. म्हणून खारूताईने एक प्रोग्राम बसवून दिला. तो फीड सारखी तपासायचा आणि नवी गोष्ट दिसली की आपली आपण उतरवून घ्यायचा. काकूंनी तोंड भरून कौतुक केलं होतं. बसवताना प्रोग्रामने विचारलं होतं, ‘जुने सगळे भागही हवेत?’ खारूताईच ती! तिने लगेच टिचकी मारली. हवेत! काकूंना विचारायचं तेवढं राहून गेलं.

"पाळत ठेवू या!" वकील म्हणाला.

दुपारी वाचनालयात शुकशुकाट झाला. आजींचं फोल्डर स्क्रीनवर उघडं ठेवून तिघं वर्तमानपत्रांच्या घोडीमागे दबा धरून बसली. कोणी आलं नाही. शेपटाला शिंक मात्र येऊ लागली.

टिंग! एक नवी गोष्ट उतरली. आणि तिघांच्या डोळ्यांदेखत आजींची एक गोष्ट स्क्रीनवरून नाहीशी झाली!

"भूत!" शेपूट किंचाळला.

"भूत कसलं? डिस्क गच्च भरलीय." खारूताईने धावत जाऊन आधी प्रोग्राम बंद केला. "नवीन आलं की सगळ्यांत जुनं पुसलं जातंय. सगळ्यांत जुन्या आजींच्याच गोष्टी. आणि जुने सगळे भाग मागवून डिस्क भरली मी!"

"पण पुसायला तू सांगितलं नाहीस ना?" वकिलाने विचारलं.

"नाही. पण भरली मीच रे!"

तेवढ्यात काकू कॉम्प्युटरवाल्या काकांना घेऊन आल्या. गोष्टी कमी झाल्याचं काकूंच्याही लक्षात आलं होतं.

"व्हायरस!" काकांनी खुर्चीत बसायच्या आधीच जाहीर केलं. "सगळं पुसून नव्याने बसवतो."

"अहो, आणि आजींच्या गोष्टी? दुसरी प्रत ठेवा म्हटलं होतं ना?" काकू म्हणाल्या.

"ठेवणारच होतो हो. पण व्हायरसपुढे कोणाचं काय चालतंय?"

"गप्प बस," वकील खारूताईच्या कानात कुजबुजला. "आयतीच सुटलीस!"

आणि खारूताई खरंच गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या क्षणाची लाज वाटत राहिली. मग तिला आजोबांचं ते कसनुसं हसू आठवलं.

"थांबा! व्हायरस नाही, मी आहे!" तिने सगळं सांगून टाकलं.

"बघा! पोरांना यंत्राला हात लावू दिला की हे असं!" काका गरजले.

"काका," वकील पुढे झाला, "जुन्या फायली आपोआप पुसायच्या, हे कोणी ठरवून ठेवलंय?"

"असलं काही नाहीच इथे!"

"त्या सेटिंगला कोण हात लावू शकतं?"

"फक्त मी! पासवर्ड माझ्याकडेच असतो!" काकांनी छाती फुगवली.

"मग उघडून दाखवा की. नसेल तर आम्ही कान पकडतो!"

काकांना उघडावंच लागलं. समोर ढळढळीत लिहिलं होतं, ‘जागा संपल्यास जुन्या फायली पुसाव्यात.’ काकांचे कान लाल झाले. "ते... डिस्क भरली की तुम्ही सारखा फोन करता, म्हणून..." काकूंच्या नजरेखाली त्यांनी मुकाट्याने ते काढून टाकलं.

"पण गेलेल्या गोष्टी कुठून आणायच्या?" काकू मटकन खाली बसल्या.

खारूताई एकदम उडालीच. "घरी! हा प्रोग्राम आधी मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर बसवून पाहिला होता. या कॉम्प्युटरवरच्या आपल्या वाचनालयाच्या गोष्टींचीही फीड आहे, तीच लावून! आणि तिथेही त्याने विचारलं होतं..."

"जुने सगळे भागही हवेत?" शेपूट ओरडला.

"हवेत!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी होत्या. त्यांची एक प्रत काकूंच्या कपाटातही गेली होती. "स्वतःहून बोललीस आणि निस्तरलंसही. शाब्बास!" काकूंनी पाठ थोपटली. खारूताईला ती शाब्बासकी टोचली. ती कोपऱ्यात आजोबांपाशी गेली.

"आजोबा, तुमचं बोट चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं." आणि आता मात्र तिला रडू आवरेना.

आजोबांनी बटणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे मला अजून जमतंय!" त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी चाचपडत तिचा हात धरला आणि बटणावर ठेवला. "आज तू लाव. ती होडीची."

खारूताईने डोळे पुसले, दोनदा नीट पाहिलं आणि बटण दाबलं.