खारूला सापडलेला हिरवा थर

इतकी स्वच्छ धुतलेली गाडी बंद का पडावी? हा प्रश्न वर्षभर शाल्मलीच्या मनात ठाण मांडून बसला होता. उत्तरही तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं: माझ्यामुळे.

खाली शहरात चालकाविना गाड्या धावू लागल्या होत्या, पण वरंडोलीच्या डोंगरवाड्यांवर अजून जुनी डिझेलची गाडीच चढत असे. शाल्मलीची आई नलिनी आरोग्यसेविका होती आणि ही गाडी म्हणजे तिचा फिरता दवाखाना. मागच्या खंडेनवमीला, म्हणजे यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, शाल्मलीनं हौसेनं नळी धरून इंजिन धुतलं होतं. पुढे महिन्याभरानं गाडी घाटाच्या पाचव्या वळणावर बंद पडली. आत बाळंतपणासाठी निघालेल्या सोनाबाई होत्या. बाळ रस्त्यातच, थंडीत जन्मलं. वाचलं, पण वीस दिवस काचपेटीत राहिलं. गॅरेजवाल्यानं तारांची एक जोडणी बदलली आणि म्हणाला, "पाणी गेलंय आत."

घरात कुणी तिला रागावलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी रंगनाथ आजोबांनी बॉनेट उघडलं. धातू का गंजतात, याच्या अभ्यासात त्यांचं सारं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं होतं.

"शालू, ये गं. पूजेआधी इंजिन पुसून घेऊ."

"मी हात लावणार नाही. खारूला सांगा."

खारू म्हणजे खारीएवढा, नळ्यांमधून सरपटणारा तपासनीस यंत्रमानव. तो टायरवरून म्हणाला, "मला कॅमेरा आहे, वास घेणारं नाक आहे. फडकं पिळायला बोटं नाहीत."

"ऐकलंस? आणि माझी कंबर काही वाकत नाही," आजोबा म्हणाले. मग हळूच विचारलं, "भीती वाटते?"

शाल्मलीनं मान खाली घातली. "आज दुपारी आई सोनाबाईंच्याच वाडीला चाललीय ना. पुन्हा बंद पडली तर?"

"म्हणूनच तर पाहायचं, बाळा. न पाहता ठेवलं, तर भीतीही तशीच राहील आणि दोषही."

ती हातमोजे घालून पुढे आली. आजोबा एकेक गोष्ट सांगत गेले. इंजिन आधी पूर्ण गार हवं, कारण तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं की तो एकदम आकसतो आणि तडकू शकतो. मग त्यांनी स्वतः बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली. शाल्मलीनं अल्टरनेटर (इंजिन फिरताना वीज तयार करणारं यंत्र), फ्यूजची पेटी आणि हवा आत घेणारी नळी यांवर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधल्या. आधी कोरड्या ब्रशनं धूळ झाडली. पानं आणि मागच्या पूजेची वाळलेली झेंडूची पाकळी काढली. मग सौम्य साबणात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं.

"नळी नाही?"

"नाही. जोराची धार पाण्याला नको तिथं ढकलते."

इतक्यात आतून खारूचा आवाज आला. "थांबा. गॅरेजवाल्यानं बदललेल्या जोडणीशेजारच्या जुन्या जोडणीवर हिरवा थर आहे."

आजोबांच्या हातातल्या छोट्या पडद्यावर, खारूच्या कॅमेऱ्यातून, तांब्याची पिन दिसली, शेवाळल्यासारखी. शाल्मलीचे डोळे भरून आले. "माझंच पाणी."

"साधं पाणी नाही," खारू म्हणाला. "साखर आहे. पोटॅशियमचे क्षार आहेत. आणि हा खोबऱ्याचा एक तंतू."

आजोबांनी पडदा डोळ्यांजवळ धरून तो तंतू पाहिला. मग घरात जाऊन दोन पेले, एक चौकोनी बॅटरी आणि छोटा दिवा घेऊन आले. एका पेल्यात शुद्ध केलेलं पाणी ओतलं, दुसऱ्यात नारळाचं. पहिल्यात बॅटरी आणि दिव्याला जोडलेल्या दोन्ही तारा बुडवल्या, पण दिवा लागला नाही. दुसऱ्यात बुडवताच मंद उजळला.

"शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहून नेत नाही. नेतात ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन (विद्युतभार असलेले सूक्ष्म कण). नळाच्या पाण्यात ते थोडे असतात, म्हणून तेही जपूनच वापरायचं. नारळाच्या पाण्यात भरपूर. पाणी उडून जातं, क्षार आणि साखर मागं राहते. साखर हवेतला ओलावा ओढते, क्षारांतून वीज भलत्या वाटेनं झिरपते आणि तांबं हळूहळू खाल्लं जातं."

"पण इंजिनावर नारळाचं पाणी कुणी..." ती थांबली.

"मी," आजोबा म्हणाले. "दरवर्षी पूजेला गाडीच्या याच कडेवर नारळ फोडतो आणि तीन धारा इंजिनावर सोडतो. माझे वडील बैलगाडीच्या चाकावर सोडत. चाकाला तारा नव्हत्या. जन्मभर गंज अभ्यासला आणि घरातला दिसला नाही. वर्षभर माझं ओझं तू वाहिलंस, पोरी."

शाल्मलीनं त्यांचा हात धरला. "मी तापल्या इंजिनावर नळी धरली होती, आजोबा. तेही चूकच होतं."

"होतं. आता दोघांनाही कळलं."

त्यांनी पूजेसाठी लावून ठेवलेलं निरांजन आधी दूर नेलं, कारण स्पिरिट पटकन पेटतं. मग स्पिरिटच्या बोळ्यानं पिन तांबूस दिसेपर्यंत पुसली. सगळं कोरडं झाल्यावर पिशव्या सोडल्या, आणि बॅटरीची तार अगदी शेवटी जोडली.

पूजेच्या वेळी आजोबांनी नारळ अंगणातल्या दगडावर फोडला. बॉनेटवर हळद-कुंकवाचं एकेक बोट लावलं आणि एक फूल ठेवलं. हात जोडून झाल्यावर फूल शाल्मलीनं उचलून घेतलं.

"बाबा, धारा?" नलिनीनं विचारलं.

"देवाला पोचल्या. तारांना नकोत."

दुपारी शाल्मली आईशेजारी बसली. पाचवं वळण आलं तेव्हा तिनं श्वास रोखला. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही आणि वळण मागं पडलं.

वाडीत सोनाबाईंचं बाळ दाराशी उभं राहायला शिकत होतं. त्यानं आधारासाठी शाल्मलीचं बोट धरलं. हातमोज्यातूनही आत शिरलेलं काळं वंगण अजून तिच्या नखात होतं.

"अगं, मळेल तो," आई म्हणाली.

"मळू दे," सोनाबाई म्हणाल्या.

परतताना शाल्मली म्हणाली, "आई, विजेच्या गाड्या इथवर येतील तेव्हा त्यांत तारा जास्त असतील, ना?"

"असतील. का गं?"

"मग त्यांचं काम मी आत्तापासूनच शिकायला घेते."