स्टार्टरमधला ओलावा

थंडीत गाडीचा स्टार्टर नखरे करतो, यात नवल काही नाही. रात्रभर दव आत मुरतं आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' वाजतं. लोकांच्या अशा गाड्या मी चहा निवायच्या आत चालू करून देतो. स्वतःच्या गाडीचा, पाणी अडवणारा खालचा पत्रा मात्र मी एका गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवून टाकला होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्या सकाळी आईचा दमा उफाळला. ओठ निळे पडले. अ‍ॅम्ब्युलन्स धुक्यात अडकलेली, आणि आमची ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होणारी नव्हे. मी किल्ली फिरवली.

टक्.

बॅटरी चांगली होती. स्टार्टर उतरवून उघडला, तर आतून पाणी ठिबकलं. सगळं पुसलं, पॉलिशपेपर मारला आणि मोटर सरळ स्वयंपाकघरातल्या तव्यावर ठेवली. एरवी बायकोने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिनेच गॅस मोठा केला.

परत बसवला. टक्.

पुन्हा उघडला. आत्ताच तव्यावरून काढलेलं लोखंड बर्फासारखं गार पडलं होतं, आणि आतलं पाणी मात्र कोमट होतं. त्याला आईच्या वाफाऱ्याच्या औषधाचा वास येत होता. माझ्याच हातांना लागला असेल, म्हटलं.

दुसऱ्यांदा तापवून बसवला, तरी तेच. तिसऱ्यांदा तवा ठेवला तेव्हा बायको दारात आली.

"अहो, आईंची जीभ पार कोरडी पडलीय. पाणी पाजलं तरी ओठ सुकतायत. तुम्ही ते तापवायला घेतलं की जास्तच होतं."

"मग काय करू? इथेच मरू देऊ तिला?"

ती आत आईकडे धावली. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

शेवटचा थेंब तव्यावर चुर्रकन आटला. आतल्या खोलीतली घरघर थांबली.

"अहो, श्वास नाहीये!"

मी फडक्यात मोटर धरून धावलो. नट कसेबसे आवळले. किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. घरातून आईचा लांब श्वास ऐकू आला.

ती मागच्या सीटवर बायकोला टेकून बसली. ओठांवर लाली परतली होती. मला रडू फुटलं. पुढे सिग्नलला मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. इंजिन मंदावलं, आणि मागचा श्वासही. मी पाय दाबला. श्वास भरला.

हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला.

"इंजिन बंद करा आधी. धूर आत जातो."

मी हललो नाही. त्याने वैतागून खिडकीतून हात घातला आणि किल्ली धरली.

"नको रे बाळा," आई मागून शांतपणे म्हणाली. "परत चालू होणार नाही."