अकरावी रेकॉर्ड

चष्म्याच्या दुकानात माणसं डोळे घेऊन येतात. हा रेकॉर्ड घेऊन आला.

"चष्मा नकोय," तो म्हणाला. "फक्त एवढा नंबर वाचून द्याल? तुमच्याकडे भिंग असेल ना..."

मधल्या कागदी चकतीच्या कडेला मुंगीएवढा नंबर कोरलेला होता. तिने भिंग डोळ्याला लावलं, रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली आणि घडाघडा वाचून दाखवला. शेवटचा आकडा सात.

"सात? मी तीन दिवस एक समजत होतो!"

"मग चष्मा हवाच आहे तुम्हाला."

झालं! पट्टी घेऊन ती त्याच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायला पुढे झाली.

"हलू नका. माझ्याकडे बघा."

"दुसरीकडे कुठे बघतोय?"

दहा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला ते अंतर त्या दिवशी तीनदा मोजावं लागलं.

पोटापाण्यासाठी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बाकी सगळा वेळ रेकॉर्डींचा. घरात भिंतभर होत्या, पण जीव गुंतला होता एका गायिकेत. तिने आयुष्यात अकराच रेकॉर्डी केल्या होत्या आणि लोक तिला खुशाल विसरून गेले होते. त्याच्याकडे त्यातल्या नऊ होत्या. उरलेल्या दोनसाठी दर रविवारी तो जुन्या बाजारात गुडघे टेकून खोकी उपसायचा. महिन्याभरात त्याच्या शेजारी तीही गुडघे टेकू लागली. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

वहिनीला मात्र सगळं कळत होतं. दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिघांचा संसार – भाऊ, वहिनी आणि ही. रविवारी ही केस विंचरू लागली की वहिनी दारात हजर.

"काय वन्सं, लिफ्टवाले वर नेणार, की मध्येच अडकवून ठेवणार?"

दहावी सापडली त्या दिवशी पावसाची भुरभुर चालू होती. त्याने अंगातलं जाकीट काढलं. तिने नकळत खांदे पुढे केले... आणि त्याने ते जाकीट रेकॉर्डला गुंडाळलं. तेव्हा तिला हसू आलं. तेव्हा कशाचंही हसू यायचं.

चहा पिताना तो कपात बघत म्हणाला, "अकरावी मिळू दे. मग मला तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"नाही – आधी संच पुरा होऊ दे. एक काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं की माझं कशातच मन लागत नाही."

हे 'दुसरं काम' त्या रात्री उशीवर डोकं टेकून गालातल्या गालात हसत होतं.

चौदा महिने गेले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती विचारायची, घरात जुन्या रेकॉर्डी आहेत का हो? शेवटी चष्म्याची सैल दांडी घट्ट करून घ्यायला आलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी माळ्यावरचं खोकं उघडून दिलं. तळाशी तीच होती. नंबर जुळला, चकतीचा रंगसुद्धा.

"घेऊन जा गं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे ना ऐकायचं यंत्र उरलंय, ना कान."

दुकानात येऊन तिने फोन लावला. "संध्याकाळी ये. आणि ते विचारायचं ठेवलंयस ना, ते घेऊनच ये."

"मिळाली?"

"ये तर!"

रेकॉर्डवर वर्षानुवर्षांची काजळी होती. अशी कशी द्यायची हातात? पुसायचं कसं, हे त्यानेच शिकवलं होतं – थोडं स्पिरिट, थोडं पाणी, मऊ फडकं, गोल गोल फिरवायचं. स्पिरिटची बाटली तर काचा पुसायला दिवसभर हाताशीच असायची. मळ फार होता, म्हणून तिने पाणी घातलंच नाही.

फडकं काळं झालं. दुसरं घेतलं, तेही काळं. किती मळ हा, म्हणत ती पुसत राहिली... आणि मग बोट चिकटलं. तिने भिंग लावलं. ओल्या मातीतल्या रेघांवरून कुणी हात फिरवावा, तशा त्या बारीक रेघा पुसल्या गेल्या होत्या.

तो आला तो धापा टाकत. नवा शर्ट, भांग पाडलेला. तिने काही लपवलं नाही. रेकॉर्ड पुढे ठेवली.

"मी पुसली."

त्याने वास घेतला. "स्पिरिट?"

"तूच शिकवलंस."

"ते नंतरच्या रेकॉर्डींसाठी! ही तिची पहिली – जुनी, लाखेची. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

"मला नाही कळलं. चौदा महिने तू मला नंबर पाठ करायला लावलास, रंग सांगितलास... एवढं एक नाही सांगितलंस."

तो खुर्चीत बसला. बराच वेळ रेकॉर्ड उजेडात फिरवत, कुठे चार रेघा शाबूत राहिल्यात का, ते बघत राहिला. माणूस वाईट नव्हता. शेवटी म्हणाला, "चूक माझीच. ओरडलो, सॉरी. असेल गं अजून एखादी कुठेतरी. शोधू. आणि मिळाली की मग... ते विचारायचं आहेच."

"आणि नाहीच मिळाली तर?"

तो विचारात पडला. अगदी खरोखर, कपाळाला आठी घालून. ती बघत होती. जितका वेळ तो विचार करत होता, तितकं तिच्या आतलं काहीतरी निवत गेलं.

"मिळेल गं," तो म्हणाला.

"हं."

दारात तो वळला. "रविवारी किती वाजता येऊ?"

"रविवारी दुकान उघडं ठेवणार आहे मी. नोकरदारांना तोच दिवस बरा पडतो."

"कधीपासून?"

"या रविवारपासून."

त्याने मान हलवली. जाताना रेकॉर्ड मात्र न विसरता घेऊन गेला.

वर वहिनी जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. "काय वन्सं? विचारलं का एकदाचं?"

"विचारलं ना," ती चपला काढत म्हणाली. "रविवारी किती वाजता येऊ, म्हणून."