अर्ध्या गाडीचा दिवा

या, असे जवळ सरकून बसा. मागे कुणी उभं राहू नका, ही गोष्ट हळू आवाजातच सांगण्यासारखी आहे. तिच्यात एक खून आहे. माणसाला त्याचं पाप पकडून देतं असं आपण ऐकत आलो, पण इथे एका माणसाला भलत्याच गोष्टीनं पकडून दिलं. ते कसं, एवढंच सांगतो. चित्त द्या.

नोव्हेंबरातल्या एका ओल्या सकाळी, यॉर्कशरच्या डोंगरांतल्या रेव्हन्सक्लफ गावात, मिलिसंट गार्साइड यांच्या दारावर टकटक झाली. गार्साइडबाई खासगी गुप्तहेर. साठी उलटलेली, अंगानं बुटकी, नजर सुईसारखी. त्यांच्या जोडीला क्लेमंट ओग्डेन. हा चॅपेलच्या गायकवृंदात खर्जात गाणारा, बाईंची मोटार चालवणारा आणि प्रत्येक गोष्ट समजायला जरा वेळ घेणारा मोठ्या मनाचा माणूस.

दारात विनिफ्रेड बूथ उभी होती. तिचे वडील अँब्रोज केर्शॉ आठवड्यापूर्वी गेले होते. बागेतल्या लाकडी शेडमध्ये, आपल्या खेळण्यातल्या रेल्वेसमोर खुर्चीत बसलेले सापडले. गॅसचा हीटर जळत होता, झरोक्यात आतून चिंधी कोंबलेली होती. पोटात झोपेच्या गोळ्या निघाल्या, त्यांच्याच, बायको गेल्यापासून ते घेत असलेल्या. पोलिसांनी सरळ अर्थ लावला, म्हाताऱ्यानं स्वतःहून जीव दिला. सोमवारी मृत्यूची चौकशी करणारा कोरोनर तसाच निकाल देणार होता.

क्लेमंटनं तिच्यापुढे चहा आणि आल्याच्या केकचा तुकडा ठेवला. तिनं हात लावला नाही.

"आमचं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं," ती म्हणाली. "मी म्हटलं, घर विका, माझ्याकडे या. ते नाही म्हणाले, मी फोन आपटला. बाई, त्यांनी जीव दिला असेल तर तो माझ्यामुळे. मला खोटा धीर नको. खरं काय ते शोधून द्या."

"खरं कडू निघालं तर?" बाईंनी विचारलं.

"तरी चालेल."

शेडमधली एकही वस्तू कुणी हलवली नव्हती. तीन भिंतींना लागून अँब्रोजची रेल्वे पसरली होती. कोळशाच्या काळातला डोंगराळ फाटा, काजळलेलं स्टेशन, तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. दुकानातली चकचकीत इंजिनं आणून अँब्रोज ती उघडायचे, चाकं बदलायचे, नंबर खरवडून नवे लिहायचे, वर काजळी आणि गंज रंगवायचे. ते झालं की इंजिन वर्षानुवर्षं राबल्यासारखं दिसायचं.

स्टेशनात एक गाडी थांबलेली होती. पुढे काळं इंजिन, मागे कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालाचे उघडे डबे. गार्डाचा डबा नव्हता. शेवटच्या वाघिणीच्या पाठीवर मोहरीएवढा लाल दिवा चिकटवलेला होता.

"हा दिवा कशाला?" बाईंनी विचारलं.

क्लेमंटला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, "गाडीच्या शेवटी लाल दिवा लागतोच, बाई. सिग्नलमन तो बघतो. दिवा दिसला म्हणजे गाडी सगळी आली, मागे काही सुटलं नाही."

बाई पुढे कामाच्या टेबलाकडे गेल्या. तिथे फोमच्या पाळण्यात एक इंजिन पालथं पडलं होतं. वरचं कवच काढून बाजूला ठेवलेलं. कवच हातानं घडवलेलं, अप्रतिम. खालचा सांगाडा मात्र ओतीव धातूचा होता, आणि पोटाजवळ एका जागी तो कानशीनं घासलेला दिसत होता.

"दुरुस्ती अर्धी राहिली," क्लेमंट हळहळला.

"अर्धं काम उघडं टाकून हा माणूस मरायला बसला म्हणतात," बाई म्हणाल्या, आणि दिवे मालवून बाहेर पडल्या.

पहिली गाठ जावई डेझ्मंडशी पडली. सासऱ्याशी त्याचं कधीच जमलं नव्हतं, आणि ते लपवायची त्यानं तसदी घेतली नाही. घर विकण्याचा आग्रह मुळात त्याचाच होता. बाईंनी त्याला शेडमधली ती गाडी कुठली, असं विचारलं. बाईंनी पुढे ठेवलेला गाडीचा फोटो त्यानं उचलला, उलटा धरला आणि म्हणाला, "मला यातलं इंजिन कुठलं आणि डबा कुठला तेही कळत नाही. सत्तरीचा माणूस झुकझुक गाडी खेळतो, यात कळायचंय काय?"

विनिफ्रेडनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फोटो खाली ठेवला.

मग एडविन सोअर्बी. हा खराखुरा सिग्नलमन होता, निवृत्त झालेला, अँब्रोजचा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं चहा ओतायला घेतला आणि निम्मा बशीत सांडला. त्याचे दोन्ही हात पानांसारखे कापत होते. किटली शेवटी क्लेमंटनं हातात घेतली.

त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत आपण शेडमध्येच होतो, असं सोअर्बीनं सांगितलं. अँब्रोज नेहमीपेक्षा गप्प होता. काहीतरी मनात घोळत होतं, पण ते मरणाचं नव्हतं.

"गाडी चालवली का त्यांनी?"

"चालवली की. ती एकच गाडी तो रोज चालवायचा. ती त्याच्या बापाची." सोअर्बी खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्यानं सांगितलं ते असं. अँब्रोजचा बाप जेबेझ कोळशाच्या गाडीवर गार्ड होता. चढावर दोन डब्यांमधली साखळी तुटली. पुढची अर्धी गाडी वर स्टेशनात पोहोचली, मागची अर्धी उतारावरून परत सुटली. जेबेझला उडी मारता आली असती. त्यानं मारली नाही, खाली वस्ती होती म्हणून हातानं ब्रेक दाबत शेवटच्या डब्यात राहिला. डब्यासकट गेला.

"अँब्रोजनं ती वर पोहोचलेली अर्धी गाडी केली होती," सोअर्बी म्हणाला. "हे मला आणि विनिफ्रेडला सोडून कुणाला ठाऊक नाही. तो कुणाला सांगायचा नाही. लोक हसले तरी नाही."

बाईंनी मग पालथ्या इंजिनाचं वर्णन केलं. सोअर्बीनं ते कवचावरूनच ओळखलं. ते गेल्या वर्षी वारलेल्या इलिंगवर्थचं होतं. त्यानं आपली सगळी इंजिनं गावातल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबला देऊन टाकली होती. "पितळी पत्रा कापून सांगाडा स्वतः करायचा तो. कारखान्याच्या सांगाड्यावर कवच चढवणं म्हणजे त्याला शिवी वाटायची."

क्लेमंटनं हे ऐकलं, मान डोलावली आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला.

क्लब चॅपेलच्या मागच्या सभागृहात भरायचा. चिटणीस लेनर्ड हेस्केथ, निवृत्त दंतवैद्य. प्रदर्शनात परीक्षकही तोच. नीटनेटका, हळुवार बोलणारा, बोटं बायकांसारखी नाजूक. अँब्रोजच्या जाण्यानं आपण खचलो आहोत, असं तो म्हणाला. त्यांच्या शेडमध्ये मात्र आपण उन्हाळ्यापासून पाऊल टाकलं नाही, असंही.

"केर्शॉ चांगले कारागीर होते?" बाईंनी विचारलं.

"हाताला तोड नव्हती. पण हट्टी. एका प्रदर्शनात मला त्यांचे गुण कापावे लागले. गाडीत साधी चूक, आणि सुधारा म्हटलं तर म्हणाले, आहे ते बरोबर आहे."

बोलता बोलता त्यानं जवळच्या टेबलावर कुणीतरी अर्धवट मांडलेल्या गाडीकडे पाहिलं. खिशातून चिमटा आणि चपटी डबी काढली, एक कण उचलला, सरसाच्या थेंबात बुडवला आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर बसवला. त्याचं बोलणं क्षणभरही थांबलं नाही.

भिंतीतल्या काचेच्या कपाटात इलिंगवर्थची इंजिनं रांगेत उभी होती. कुलपाची किल्ली हेस्केथच्या साखळीला होती. रांगेत एक जागा रिकामी दिसली.

"एक दुरुस्तीला गेलंय," हेस्केथ म्हणाला.

"कुणाकडे?"

"बघावं लागेल."

परतताना क्लेमंटनं मोटार वळवली. मग म्हणाला, "बाई, मला तर जावयाचाच संशय येतो. किती उर्मट बोलतो."

"उर्मट माणसांनी खून केले असते तर माझं काम फार सोपं झालं असतं, क्लेमंट. इन्स्पेक्टर लम्बना निरोप दे. शनिवारी दुपारी सगळे शेडमध्ये हवेत."

शेडमध्ये सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. विनिफ्रेड वडिलांच्या खुर्चीला धरून. डेझ्मंड दाराशी. सोअर्बीला क्लेमंटनं स्टुलावर बसवलं. हेस्केथ टोपी हातात घेऊन टेबलापाशी. इन्स्पेक्टर लम्ब घड्याळाकडे बघत.

"मी फक्त एका दिव्याबद्दल बोलणार आहे," गार्साइडबाई म्हणाल्या. "या वाघिणीवरच्या. सोअर्बी, त्या दिवशी तुम्ही जेवायला गेलात तेव्हा हा इथे होता?"

सोअर्बी वाकला. त्यानं चष्मा सावरला आणि बघतच राहिला. "नव्हता. अहो, तो कधीच नव्हता. असणारच नाही."

"का असणार नाही, ते सांगा."

सोअर्बीनं जेबेझची गोष्ट पुन्हा सांगितली. गाडी अर्धीच पोहोचली होती. दिवा मागच्या अर्ध्या भागावर होता, तो जेबेझबरोबर उतारावरून गेला. सिग्नलमनला दिवा दिसला नाही, त्यावरूनच त्याला घात कळला.

"म्हणजे या गाडीला दिवा नसणं हाच तिचा अर्थ," बाई म्हणाल्या. "अँब्रोजनी हा दिवा लावणं शक्य नाही. दुसऱ्या कुणी लावलेला दिसला असता तर शुद्धीत असेतो त्यांनी तो ठेवला नसता. तेव्हा तो लागला त्या वेळी ते खुर्चीत होते, पण बघत नव्हते. इन्स्पेक्टर, त्या दुपारी ते इथे एकटे नव्हते."

लम्बनं घड्याळावरची नजर काढली.

"आता तो कुणी लावला? डेझ्मंडना गाडीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेही माहीत नाही. विनिफ्रेडला ही गोष्ट माहीत आहे, ती लावणार नाही. सोअर्बींनाही माहीत आहे, आणि त्यांच्या हातून चहासुद्धा कपात पडत नाही, मोहरीएवढा दिवा कसा बसेल? ज्यानं लावला त्याला रेल्वेचा नियम रक्तात भिनल्यासारखा ठाऊक होता. पण या घरातलं दुःख ठाऊक नव्हतं. त्याला ही गाडी फक्त चुकलेली दिसली, आणि त्या चुकीचे त्यानं एकदा गुणही कापले होते."

सगळ्यांच्या माना हेस्केथकडे वळल्या.

"एका दिव्यावरून?" हेस्केथ शांतपणे म्हणाला. "मी अँब्रोजला कशासाठी मारीन?"

बाईंनी पालथं इंजिन उचलून लम्बच्या हातात दिलं. "यासाठी. कवच इलिंगवर्थचं, सांगाडा कारखान्याचा, आणि कारखान्याचं नाव कानशीनं घासलेलं. अस्सल पितळी सांगाडे कुणीतरी काढून घेतले आणि विकले. किल्ली एकाच माणसाकडे आहे. इंजिन नीट चालेना म्हणून क्लबानं ते अँब्रोजकडे दुरुस्तीला दिलं, त्यांनी ते उघडलं आणि त्यांना कळलं. तुम्ही हे उचलून नेलं असतं तर क्लबात त्याचा शोध झाला असता. अर्धवट दुरुस्ती पोटातून कोण बघतो, असं तुम्हाला वाटलं. कपाटातली बाकीची इंजिनं लम्बसाहेबांची माणसं या क्षणी पालथी करून बघत आहेत. तुमच्या डबीतला रंग आणि या दिव्याचा रंगही ती ताडून बघतील."

हेस्केथनं त्यातलं काही ऐकलं की नाही, कोण जाणे. तो वाघिणीच्या मागच्या दिव्याकडे बघत होता.

"हा मी लावला?" त्यानं विचारलं. खरोखर विचारलं. "मला आठवत नाही. तो गाढ झोपायची वाट बघत मी इथे बसलो होतो. हात रिकामे होते..."

डेझ्मंड दारातून आत आला आणि विनिफ्रेडच्या शेजारी उभा राहिला.

मग हेस्केथनं स्वतःच सगळं सांगितलं. अँब्रोज ओरडले नाहीत, धमकावलंही नाही. ते एवढंच म्हणाले की, लेनर्ड, रविवारी उपासनेनंतर इलिंगवर्थच्या बायकोकडे जा आणि तुझ्या तोंडानं सांग. तोवर मी कुणाजवळ बोलणार नाही, सोअर्बीजवळही नाही. माणसाला स्वतःहून कबूल करायची संधी मिळायला हवी.

"चहा नेहमी मीच ओतायचो. त्याच्या गोळ्या तिथे फळीवरच होत्या," हेस्केथ म्हणाला. लम्ब त्याला घेऊन गेले.

सोमवारी कोरोनरनं खुनाचा निकाल दिला. अंत्यविधीला चॅपेल भरून गेलं, भजनाचा स्वर छतापर्यंत चढला, आणि क्लेमंटचा खर्ज त्याखाली पाया घातल्यासारखा घुमत राहिला. विनिफ्रेड गायली नाही.

बाहेर पायरीवर तिनं गार्साइडबाईंचा हात धरला. वडील तिला सोडून गेले नव्हते, हे तिला कळलं होतं. तेच तिला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं नावही नव्हतं.

"त्यांनी त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं असतं तर आज जिवंत असते," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या.

"ते इतके चांगले नसते तर बरं झालं असतं."

क्लेमंटनं छत्री उघडून विनिफ्रेडच्या डोक्यावर धरली आणि तिघं कबरीकडे निघाली.

तेव्हा मंडळी, एक मागणं आहे. कधी दुसऱ्याचा अपराध तुमच्या हाती लागेल आणि त्याला चारचौघांत उघडं पाडण्याआधी तुम्ही थोडं थांबाल, तर त्या थांबण्याच्या वेळी अँब्रोज केर्शॉ या माणसाची आठवण करा. आणि त्यांच्या लेकीला अजून झोप लागत नाही, तिच्यासाठीही दोन शब्द देवाजवळ बोला.