शालनच्या हाताचा गुण

खोलीत त्या वेळी पाळणा एक होता. खाट एक. खिडकी एक, गजांची, आतून कडी घातलेली. दार एक, आणि त्या दारात हरी स्वतः बसला होता. टेबलावर स्पूलचा टेपरेकॉर्डर, चालू. माणसं दोन. शालन, आणि तिचा बारा दिवसांचा मुलगा.

तिसरं कुणी नव्हतं.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढचं ऐकलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात.

गोष्ट खरी आहे. पदरचं एक अक्षर नाही. १२ नोव्हेंबर १९६१, रविवार, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. बंगळूर, मल्लेश्वरम, शेषगिरींच्या घराचा वरचा मजला. हरीनं सगळं त्याच दिवशी वहीत उतरवलं. तो नुकताच एम.एस्सी. झाला होता आणि जवळच्याच एका संशोधन संस्थेत आवाजाची मोजमापं करायचा. भुतांच्या गोष्टी निघाल्या की हसत उठून जायचा.

अजूनही उठून जातो. पण हसत नाही.

शालन त्याची वहिनी, थोरल्या विद्याधरची बायको. वय वीस. तिला आईवडील नव्हते, म्हणून बाळंतपण सासरी झालं. बारशाला माहेरचं माणूस म्हणून बिदरकडून एकटे आप्पाजी आले. ते तिचे काका. त्यांनीच तिला वाढवलेलं.

हरीच्या एक गोष्ट लक्षात आली होती.

बारा दिवसांत शालननं बाळाला उजवा हात लावला नव्हता. एकदाही नाही. पाजायला घ्यायची ती डाव्या हातानं. उजवा पदरात गुंडाळून पाठीमागे.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बेळगावकडच्या गंगव्वानंही ते पाहिलं होतं.

"अक्का, हात मोडलाय काय?" ती म्हणाली. "का सोन्याचा हाय, झाकून ठेवलाय?"

शालन हसली नाही.

बारसं सकाळी झालं. पाळणे टेप करायचे म्हणून हरीनं संस्थेतून रेकॉर्डर मागून आणला होता. सख्खी आत्या नव्हती. शेजारच्या सुलभाबाई आत्या झाल्या, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि पाठीत धपाटे खाल्ले. जेवणं उरकली. विडे आले.

आणि आप्पाजींनी गोष्ट काढली.

"अठ्ठेचाळीस साल. रझाकार गावात घुसले. घरं पेटवली. आम्ही बारा जण बळदात उतरलो." बळद म्हणजे वाड्याच्या जाड भिंतीतली धान्याची कोठी, हे त्यांनी बंगळूरकरांना समजावून सांगितलं. "आत काळोख. त्यात हिचा भाऊ, चार महिन्यांचा, रडायला लागला! डोक्यावर पावलं वाजताहेत. आईच्यानं काही होईना. मग मीच तो हिच्या मांडीवर टाकला. म्हटलं, शाले, तोंड दाब. सात वर्षांची पोर, पण काय हिंमत! वरची पावलं जाईपर्यंत हात काढला नाही. बाहेर पडलो तेव्हा अकरा होतो. अकरा जीव वाचवले हिनं!"

"वा," कुणीतरी म्हणालं. एकानं तर टाळी वाजवली.

हरीला तोंडातला विडा गिळवेना. तो उठला, मोरीत जाऊन थुंकून आला.

आप्पाजींचं चालूच होतं.

"तेव्हापासून हिच्या हाताला गुण आहे बरं का. कुणाचं मूल रडायचं थांबेना की आणा शालीकडे. मांडीवर घेतलं की गप्प! लोक नारळ ठेवून जायचे. लग्न होईपर्यंत चाललं होतं."

"आणि ती नको म्हणाली तर?" हरीनं विचारलं.

"नको कशाला म्हणेल? मान होता पोरीला."

"आणि ते रझाकार?" सुलभाबाईंनी विचारलं.

"पळाले! सप्टेंबरात फौज आली ना. मग आमची पाळी." आप्पाजी हसले. "खालच्या गल्लीत आम्हीही कुणाला सोडलं नाही."

"गल्लीतल्या त्या लोकांनी जाळलं होतं गाव?" हरीनं विचारलं.

"त्यांनी नसेल. त्यांच्यातलेच ना पण?"

"तिथेही पोरं असतील," हरी म्हणाला.

"असतील की. कोण मोजतंय?"

ते पानाला चुना लावत होते. लावून झाल्यावर त्यांनी बोट धोतराला पुसलं. अगदी स्वच्छ.

पाहुणे पांगले. लांबच्यांना सोडायला विद्याधर स्टेशनवर गेला. आप्पाजी गॅलरीत आरामखुर्चीत घोरू लागले.

तेव्हा शालननं हरीला हाक मारली.

"भावोजी, एक काम कराल? वेडी म्हणू नका."

"बोला वहिनी."

"माझा हात बांधून ठेवा. खाटेला."

"का?" हरीनं विचारलं.

"बारा रात्री बसून काढल्या. आता डोळे उघडे राहत नाहीत. मी झोपले आणि हा रडला, तर…" तिनं पदरातला हात आणखी आत ओढला. "जन्मला त्या दिवशी रडला ना, तर हात आपोआप उचलला गेला माझा. गंगव्वा मध्ये आली म्हणून."

"तो तुमच्या मनाचा खेळ आहे वहिनी. गावात इतकी मुलं घेतलीत, एकाला तरी काही झालं?"

"गावात मी त्यांच्या तोंडावर हात ठेवतच नव्हते भावोजी. देवाशपथ. नुसती मांडीवर घ्यायचे. तरी गप्प व्हायची." तिचा आवाज अगदी खाली गेला. "तोंड उघडंच असायचं… आवाज नसायचा. घाबरून मी लगेच परत देऊन टाकायचे."

जुन्या लुगड्याची पट्टी फाडून हरीनं तिचं मनगट खाटेच्या लोखंडी दांडीला बांधलं. खाट ते पाळणा अंतर मोजलं. एकशे तीस सेंटिमीटर. हात पोचणं शक्य नव्हतं. मग त्यानं टेपरेकॉर्डर लावला.

"हा कशाला?"

"आवाज जातो म्हणता ना? मग याला ऐकू दे. मशीन घाबरत नाही."

ती पहिल्यांदा हसली. थोडंसंच. आणि झोपली.

दोन वाजून एकतीस मिनिटं.

हरी दारात पुस्तक घेऊन बसला. आठ-नऊ मिनिटं गेली. बाळ चुळबुळलं. कुरकुरलं. मग मोठ्यानं रडू लागलं.

हरी उठणार, तेवढ्यात…

रडणं थांबलं.

हळूहळू नाही. अर्ध्यात. दोरा कापावा तसं.

त्याला वाटलं, आपलेच कान बंद झाले. पण रस्त्यावर सायकलची घंटा वाजत होती. गॅलरीतलं घोरणं ऐकू येत होतं. पाळण्याची कडी करकरत होती…

फक्त रडणं नव्हतं.

तो पाळण्याशी गेला. बाळाचं तोंड उघडं होतं. हातपाय झाडत होतं. चेहरा निळा पडत चालला होता.

आणि गाल आत दबले होते.

एका गालावर एक खळगा.

दुसऱ्या गालावर चार.

हरीनं वळून पाहिलं. शालन गाढ झोपेत होती. तिचं मनगट दांडीला. गाठ जशीच्या तशी.

त्यानं बाळाच्या तोंडाजवळ हात नेला. हाताला काहीच लागलं नाही. पण तिथली हवा गरम होती. ओलसर. घामेजलेल्या तळव्यासारखी…

त्यानं बाळाला उचललं. खळगे सुटले नाहीत.

"वहिनी!"

शालन दचकून उठली. हिसका बसून बांधलेला हात पिळला गेला. तिनं बाळाकडे पाहिलं. मग हरीच्या कोपराशी, खाली, जिथे काहीच नव्हतं, तिथे पाहिलं.

आणि पाहत राहिली.

"शालू," ती म्हणाली. "सोड."

काही झालं नाही.

"गेले ते. वर कुणी नाही आता. ऐक, पावलं वाजतात का? नाही ना?" ती खाटेवरून जमेल तेवढी पुढे वाकली होती. "तुला कुणी रागवणार नाही, सोने. काकांचं ऐकू नकोस. त्याला रडू दे. सोड, बाई."

एक क्षण गेला. दुसरा गेला…

आणि बाळानं असा टाहो फोडला की खालच्या शेषगिरींनी जिन्यातून "काय झालं, काय झालं?" विचारलं.

खोलीच्या दारात आप्पाजी पोट खाजवत उभे होते.

"चांगलं गप्प झालं होतं की," ते म्हणाले. "घ्या, पुन्हा सुरू. शाले, ठेव हात."

हरीनं बाळाला आईच्या डाव्या कुशीत दिलं, गाठ सोडली, बाहेर ठेवलेली आप्पाजींची ट्रंक उचलली आणि जिना उतरून रस्त्यावर नेऊन ठेवली.

"संध्याकाळची गाडी आहे आप्पाजी."

"अरे, मी चार दिवस राहायला आलोय!"

"संध्याकाळची."

ते शालनकडे पाहू लागले. ती उजव्या हातानं बाळाचे गाल पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

स्पूल हरीनं दुसऱ्या दिवशी संस्थेत लावला. एकट्यानं. रडणं… मग खंड. खंडात सायकलची घंटा होती, घोरणं होतं, कडीची करकर होती. त्याची स्वतःची पावलं आणि "वहिनी!" ही हाकही होती.

त्या हाकेच्या आधी आणखी एक आवाज होता. अगदी जवळ. कुणीतरी मुसमुसत होतं. ओठ मिटून, फक्त नाकानं… रडू आलंय, पण आवाज करायचा नाही, असं.

लहान मुलीचं.

त्यानं तो भाग अकरा वेळा ऐकला. नंतर टेप पुसायचं ठरवलं. पुसली नाही.

बाळाच्या गालांवरचे वळ त्या रविवारी संध्याकाळपर्यंत होते. ते जायच्या आत हरीनं ते दोऱ्यानं मोजले आणि दोरा पट्टीवर धरला. शालनचाही हात मोजला. खाली शेषगिरींची मुलगी दुसरीत होती, सात वर्षांची. लिमलेटची गोळी देऊन तिचाही हात मोजला. वहीत तीन ओळी आहेत.

शालन, चार बोटांची रुंदी: ७.१ सें.मी.

शेषगिरींची मुलगी, चार बोटांची रुंदी: ५.४ सें.मी.

बाळाच्या गालावरचे चार वळ, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत: ५.४ सें.मी.